आखूड नळीच्या रायफलीत दारू कोणती भरावी?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा मोहोळ तालुक्यातला, गेली अकरा वर्षं टेक्सासात. गड्ड्याच्या यात्रेसाठी महिनाभर सोलापुरात आलोय. प्रश्न तिकडचा आहे, पण इथं लष्करात काढलेली आणि पदार्थविज्ञान शिकवलेली माणसं आहेत, म्हणून आपल्याच भाषेत विचारतो.

तिकडे माझ्याकडे .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट रायफल आहे. नळी चोवीस इंची होती. तिथलं रान म्हणजे मेस्कीट नावाच्या काटेरी झाडांची दाटी, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. त्यात एवढी लांब नळी प्रत्येक फांदीला अडकते. पुढे सायलेन्सर लावला की अजून आठ इंच वाढतात. शेवटी कारागिराकडून नळी कापून सव्वासोळा इंच करून घेतली. सोळाच्या आत गेली तर १९३४ च्या तिथल्या कायद्याने ती रायफल वेगळ्या नोंदणीत जाते, म्हणून वरचं पाव इंच ठेवलं. परवाना काढून हरीण आणि रानडुक्कर, एवढीच माझी शिकार. बहुतेक गोळ्या शंभर-दीडशे यार्डांच्या आत.

काडतुसं मी घरीच भरतो, तिथं त्याला परवानगी आहे. रेंजवरचे जुने लोक सांगतात, "नळी आखूड केलीस ना, आता भरभर जळणारी दारू घे. सावकाश जळणारी घेतलीस तर अर्धी नळीबाहेर जळेल, वाया जाईल." ऐकायला पटतं. पण भरणीची पुस्तकं चाळली तर कुठल्याच कंपनीने आखूड नळीसाठी वेगळं पान दिलेलं नाही. माझ्याकडे दारूचे तीन डबे आहेत : एच४८९५, व्हारगेट आणि सीएफई २२३. यांतलं कुठलं, आणि का?

किती ग्रेन (दारूच्या नि गोळीच्या वजनाचं माप) घालू हे विचारत नाहीये. तो आकडा दारूच्या कंपनीच्या पुस्तकातूनच घेणार, त्यामुळे कृपया इथे कुणी लिहू नका.

कडकभाकरी
शीर्षक वाचून वाटलं, होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा धागा आहे. शेंगाचटणी घेऊन बसले होते. आता बसलेच आहे तर वाचते.

बाळीवेस
भाऊ, सोपं आहे की हो. पाचट आणि गोवरी. पाचट भडकन पेटतं न् संपतं, गोवरी सावकाश धुमसते. नळी आखूड म्हणजे वेळ कमी. मग पाचटच पाहिजे. तुमचे रेंजवाले बरोबर सांगायलेत.

ऑस्टिनवासी
+१ बाळीवेस. माझीही सोळा इंची .३०८ आहे. मी मुद्दाम थोडी जलद दारू वापरतो. झोत कमी, आवाज थोडा कमी, आणि वेग एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत फारसा हलत नाही. मला तेवढं पुरतं.

पदार्थविज्ञान_सर
बाळीवेस, उपमा छान आहे, पण निष्कर्ष चुकतोय. निवृत्त झालो तरी फळा दिसला की राहवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दारू जळते कुठे? दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत साधारण एक सहस्रांश सेकंद जातो. या काळात दाब एकसारखा नसतो. गोळी जागेवरून जेमतेम इंच-दोन इंच सरकते तोवर दाब शिखरावर पोहोचलेला असतो. मग गोळी पुढे धावते, मागची जागा वाढत जाते आणि दाब उतरत जातो. .३०८ सारख्या काडतुसात योग्य दारूचा बहुतेक भाग पहिल्या काही इंचांतच जळून गेलेला असतो. पुढची सगळी नळी तयार वायूला प्रसरण पावायला आणि गोळीला ढकलत राहायला असते.

मग नळीच्या तोंडाशी दिसणारा जाळ कसला? तो मुख्यतः न जळलेल्या दाण्यांचा नसतो. नळीतून बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो. हे वायू तापलेले असतात पण आत त्यांना ऑक्सिजन पुरलेला नसतो. बाहेरची हवा लागली की ते पेटतात. आखूड नळीत वायू बाहेर पडताना त्याचा दाब आणि तापमान जास्त असतं, म्हणून जाळही मोठा. तो बघून "अर्धी दारू बाहेर जळाली" असं वाटणं साहजिक आहे, पण जाळ त्याचा पुरावा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा असते. .३०८ साठी अमेरिकेतली मान्य मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड. भरभर जळणारी दारू थोडक्याच वजनात ही मर्यादा गाठते, म्हणजे तिथे तुम्हाला थांबावं लागतं. सावकाश जळणारी दारू जास्त वजनाची मावते, शिखर तेवढंच राहतं आणि शिखरानंतर दाब अधिक काळ टिकतो. गोळीला मिळणारी ऊर्जा म्हणजे दाबाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. ते दुसऱ्या आलेखात जास्त असतं, आणि सोळाव्या इंचाला आलेख कापला तरी बहुतेक वेळा जास्तच राहतं. म्हणून चोवीस इंची नळीत जी दारू सर्वांत जास्त वेग देते, तीच सहसा सोळा इंचीतही देते. दोघींमधलं अंतर कमी होतं, क्रम सहसा बदलत नाही.

सीनाकाठ, पुस्तकांत वेगळं पान नाही त्याचं कारण हे.

बाळीवेस
सर, म्हणजे गोवरीच घालायची? मग ती सावकाश, अजून सावकाश, अशी कुठवर न्यायची?

पदार्थविज्ञान_सर
चांगला प्रश्न. पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, मावेल तिथवर. .३०८ ची पुंगळी पाण्याने भरली तर साधारण छप्पन ग्रेन पाणी मावतं. फारच सावकाश जळणारी दारू घेतली तर पुंगळी गळ्यापर्यंत भरूनही दाब हवा तेवढा चढत नाही, वेग उलट घटतो. म्हणजे सीमा पुंगळीच्या आकारमानाने आणि गोळीच्या वजनाने ठरते. नळीची लांबी त्यात फार बोलत नाही.

ऑस्टिनवासी
सर, मान्य करायला थोडं जड जातंय. मग .३०० ब्लॅकआउटचं काय? ते काडतूस आखूड नळीसाठीच काढलेलं, २०११ मध्ये प्रमाणित झालं, आणि त्यात पिस्तुलाच्या जातीची जलद दारू भरतात. नऊ-दहा इंची नळीत उत्तम चालतं. हे तुमच्या नियमाविरुद्ध नाही का जात?

पदार्थविज्ञान_सर
जात नाही. ब्लॅकआउटची पुंगळी एवढीशी आहे. तेवढ्या जागेत मावणारी दारू जलद असली तरच दाब चढतो. म्हणजे जलद दारू पुंगळीने मागितली, आणि दारू थोडी असल्यामुळे आखूड नळीत वायू पुरेसा प्रसरण पावतो. त्याच ब्लॅकआउटला चोवीस इंची नळी लावा, तरी दारू जलदच लागेल.

प्रसरणाचा हिशेब बघा. .३०८ मध्ये पुंगळीतली जागा एक धरली, तर सोळा इंची नळीत वायूला साधारण साडेपाच पट पसरायला मिळतं, चोवीस इंचीत सव्वाआठ पट. इंजिनाच्या सिलिंडरसारखंच आहे हे. आखूड नळीत वायूची ताकद पूर्ण वापरली न जाता बाहेर जाते. तेच तुमचं नुकसान, आणि दारू बदलून ते भरून येत नाही.

निवृत्त_सुभेदार
सरांनी कागदावर सांगितलं, मी हातातलं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ली-एनफिल्डची एक आखूड रायफल निघाली, नंबर ५. लोक तिला जंगल कार्बाइन म्हणतात. ब्रह्मदेशाकडच्या जंगलांसाठी. मूळ रायफलीची नळी पंचवीस इंचांची, हिची एकोणीसच्या आत. दारू मात्र बदलली नाही. तेच .३०३ चं काडतूस, त्याच पेट्यांतलं. मग जाळाचं काय केलं? नळीच्या तोंडाला शंकूसारखा भोंगा बसवला. युद्धाच्या धामधुमीत एकेका रायफलीसाठी निराळं काडतूस कोण पुरवणार? आणि तशी गरजही पडली नाही. धक्का मात्र जबर वाढला. ज्यांनी ती झाडली ते खांद्याची आठवण काढतात.

आता सीनाकाठ, तुम्हाला माझा सल्ला. वेगाचे वीस-पंचवीस फूट जास्त का कमी, हे हरणाला कळत नाही. अंधार पडता पडता झाडलेल्या पहिल्या गोळीच्या जाळाने तुमचे डोळे दिपले आणि जनावर कुठे गेलं ते दिसलं नाही, तर मात्र रात्रभर रक्ताच्या मागावर फिरावं लागेल. नोकरीत रात्रीच्या गोळीबारात हे पुष्कळदा पाहिलंय. जाळ कमी देणारी दारू निवडा. सायलेन्सर लावणार असाल तर तो अर्धाअधिक प्रश्न आपोआप मिटतो.

ऑस्टिनवासी
सुभेदार काका, हेच मला म्हणायचं होतं. वेग हा एकच निकष नाही. सरांचं भौतिकशास्त्र मान्य, माझी जलद दारूही मला मान्य.

पदार्थविज्ञान_सर
यावर माझं दुमत नाही. जलद दारू "वाया जाऊ नये" म्हणून घेतली तर कारण चूक आहे. जाळ कमी, वेग एकसारखा म्हणून घेतली तर कारण बरोबर आहे. कारण बरोबर असलं म्हणजे कुठवर जायचं तेही कळतं. नाहीतर माणूस अजून जलद, अजून जलद करत पिस्तुलाच्या दारूपर्यंत पोहोचतो, आणि रायफलीच्या पुंगळीत ती भरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मालदांडी
मंडळी, मधे घुसतोय, माफ करा. आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक आहे. शेतीरक्षणाचा परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता माझ्या. दर निवडणुकीला पोलिस ठाण्यात जमा करून येतो, एवढाच तिचा प्रवास. रानडुकरांनी मका आणि भुईमूग पार उलथून टाकलाय, रात्रभर राखणीला बसतो. बार उडवायचा तो हवेत, आवाजासाठी. काळी दारू मिळायला आता त्रास होतो. तुम्ही म्हणताय त्या नव्या दारूतली थोडी हिच्यात चालेल का? थोडीच.

निवृत्त_सुभेदार
नाही. चिमूटभरसुद्धा नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

काळ्या दारूचा दाब कमी असतो, आणि जुनी नळी तेवढ्याच दाबासाठी केलेली असते. कितीतरी जुन्या नळ्या पट्टी गुंडाळून, जोड देऊन केलेल्या. या नव्या, बिनधुराच्या दारूचा दाब कितीतरी पटीने जास्त. नळी फुटते ती डाव्या हाताजवळ, तोंडासमोर. मी फुटलेली नळी पाहिलीय. ज्याच्या हातात होती त्या माणसालाही पाहिलंय.

अजून एक विचारतो. ही बंदूक भिंतीवर टांगलेली असते का? शेवटचा बार कधी उडवला? ती आत्ता रिकामी आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे का?

मालदांडी
वडील गेल्यापासून मी उडवलेली नाही. रिकामीच असणार की.

निवृत्त_सुभेदार
"असणार" म्हणू नका. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं खुंटीला राहतात. आधी बघा, नळीमागच्या बोंडीवर (जिथून ठिणगी आत जाते) ठिणगी पाडणारी टोपी चढवलेली आहे का. असेल तर पुढे काही करू नका, तशीच ठेवून मला कळवा. टोपी नसेल, तर तोंड कुणाकडेही नको आणि तुमचं डोकं नळीसमोर नको, असं धरून गज हळूच आत सोडा. जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरा. बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक बोंडीपर्यंत पोहोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे राहिलं, तर आत बार आहे.

वकील_विजापूररोड
कायद्याचं थोडं बोलतो, कारण धागा वाचून इथल्या कुणाला हौस येऊ नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. सीनाकाठ यांचं घरचं यंत्र टेक्सासात कायदेशीर आहे, तेच सोलापुरात आणून मांडलं तर गुन्हा.

आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शेताचं नुकसान झालं म्हणून कुणी आपण होऊन रानडुक्कर मारू शकत नाही, त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र लगेच करा, पंचनामा वेळेत झाला पाहिजे. मालदांडी, तुम्ही केलाय का?

मालदांडी
केलाय. दोन वर्षांत एकदा मिळाली. एवढ्यात राखणीच्या बॅटरीचे सेलसुद्धा निघत नाहीत, पण अर्ज करतो.

माळरानी
मी या धाग्यावर बोलू की नको असा विचार करत होते. नान्नजच्या माळावर मी वीस वर्षं पक्षी बघायला जाते. १९७९ साली माळढोकासाठी ते अभयारण्य झालं. कॉलेजात असताना पहिला माळढोक दुर्बिणीतून पाहिला होता, मान ताठ करून गवतातून चालत जाणारा. आता कित्येक फेऱ्यांत एकही दिसत नाही. काळवीट आहेत, लांडगे आहेत, तेही दबकत. बंदूक हा शब्द आला की माझ्या पोटात गोळा येतो. सीनाकाठ, तुम्ही चांगले आहात हे लिहिण्यावरून कळतंय, पण "शिकार" हे इतक्या सहज कसं म्हणता येतं, ते मला उमगत नाही.

सीनाकाठ
ताई, बरं झालं बोललात. लहानपणी मी पण नान्नजला गेलोय, शाळेच्या सहलीला. माळढोक नाही दिसला, काळविटांचा कळप दिसला होता. उड्या मारत गेला तो अजून डोळ्यांपुढे आहे. सोलापूर जिल्ह्यात मी कधी कशावर बंदूक उचलणार नाही, कायदा नसता तरी.

तिकडची गोष्ट वेगळी का वाटते, ते सांगतो. तिथलं रानडुक्कर मूळचं तिथलं नाही. युरोपीय लोकांनी नेलेली पाळीव डुकरं सुटली, पुढे शिकारीसाठी युरोपातले रानडुक्कर आणून सोडले, आणि त्यांची पैदास आवरता येईना. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडीसुद्धा ते खातात. हरणांचा हंगाम ठरलेला, परवान्याबरोबर किती मारायची तेही ठरलेलं. मारलेलं सगळं घरात खाल्लं जातं. एवढं असूनही प्रत्येक वेळी गोळी झाडल्यावर मी दोन मिनिटं तिथंच बसतो. म्हणूनच हा धागा काढला. अर्धवट गोळी लागून जनावर झुडपात जाऊन तडफडावं, हे मला नको. नळी कापून मी त्याची शक्यता वाढवली का, ही खरी काळजी आहे.

माळरानी
मतभेद राहील, पण उत्तर मनापासून दिलंत. वाचते आहे.

पदार्थविज्ञान_सर
सीनाकाठ, तुमचा खरा प्रश्न आत्ता कळला. तो दारूपेक्षा गोळीचा आहे.

.३०८ मध्ये नळी एक इंच कमी केली की वेग साधारण वीस ते पंचवीस फूट प्रतिसेकंद घटतो. आठ इंचांचे झाले एकशे साठ ते दोनशे. १५० ग्रेनच्या गोळीचा पुस्तकातला वेग २८२० धरला, तर तुमच्या नळीतून २६२० ते २६६० च्या आसपास निघेल. ती दीडशे यार्डांवर बावीसशेच्या वरच असणार. शिकारीची साधी शिशाच्या गाभ्याची गोळी नीट फुलायला साधारण अठराशे लागतात, अखंड तांब्याच्या गोळीला थोडा जास्त वेग लागतो. म्हणजे दीडशे यार्डांत तुमच्या हाती पुष्कळ शिल्लक आहे. कापलेल्या नळीने तुमच्याकडून नेलंय ते लांबचं अंतर. पूर्वी साडेतीनशे यार्डांवर जे चाललं असतं ते आता सोडून द्यायचं, आणि गोळी निवडताना कमी वेगाला फुलणारी निवडायची.

सीनाकाठ
साडेतीनशेवर मी कधी झाडतच नाही. मग काळजी अर्धी उतरली. पण सर, तीन डबे अजून टेबलावर आहेत.

निवृत्त_सुभेदार
टेबलावर एकच ठेवा. हे म्हणण्यापुरतं नाही, खरंच. भरताना एका वेळी टेबलावर एकच डबा, बाकी कपाटात. दोन दारूंचे दाणे दिसायला सारखेच असतात.

पदार्थविज्ञान_सर
तीन डब्यांबद्दल. एच४८९५ आणि व्हारगेट या बारीक नळकांडीच्या आकाराच्या दाण्यांच्या दारू, दोन्ही ऑस्ट्रेलियात तयार होतात. तापमान बदललं तरी त्यांचा दाब फारसा हलू नये अशी त्यांची बनावट आहे. ४८९५ चा इतिहासही रोचक आहे. दुसऱ्या महायुद्धात .३०-०६ च्या लष्करी काडतुसांत या क्रमांकाची दारू होती. युद्धानंतर उरलेली ढिगाने विकली गेली आणि त्या विक्रीतूनच हॉजडन या दारूच्या कंपनीचा धंदा उभा राहिला. सीएफई २२३ गोल दाण्याची. मोजपात्रातून पाण्यासारखी वाहते, .३०८ मध्ये वेग चांगला देते, नळीत साठणारं तांबंही कमी करते. पण गोल दाण्याच्या दारू सहसा उष्णतेला जास्त हलतात.

तुमच्या टेक्सासात ऑगस्टमध्ये गाडीच्या मागे काडतुसांचा डबा ठेवून बघा, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीसारखं. थंडीत तपासून ठरवलेली कमाल भरणी अशा उन्हात मर्यादेपलीकडे जाऊ शकते.

बाळीवेस
मे महिन्यात सोलापुरात माणसंच मर्यादेपलीकडे जातात, दारू कुठून टिकणार!

ऑस्टिनवासी
सीनाकाठ, अजून एक. घरात नवीन शिकणारं कुणी असेल तर एच४८९५. हलक्या भरणीसाठी कंपनीने स्वतःच तिचा हिशेब दिलाय, कमाल वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. बाकी दारूंना असं मनानं कमी करायचं नसतं. सावकाश दारू पुंगळीत फार कमी भरली तर तीही धोक्याची.

सीनाकाठ
माझी मुलगी चौदाची आहे, रायफलीच्या धक्क्याला घाबरते. हे माहीत नव्हतं. आभार.

कडकभाकरी
चौदाची मुलगी म्हणताय तर विचारते. आमच्या भाचीला रायफल नेमबाजी शिकायचीय. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळालं तेव्हापासून डोक्यात घेतलंय. तिलाही हे दारू भरणं वगैरे लागेल का?

निवृत्त_सुभेदार
नाही बाई. त्या प्रकारात .२२ चं काडतूस असतं, त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. ते पुन्हा भरताच येत नाही. नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीत झाडून बघतात आणि जो लॉट जुळला त्याच्या पेट्या घेऊन ठेवतात. पण भाचीला आधी एअर रायफल धरू द्या. त्यात दारूच नाही, श्वास आणि बोट एवढंच शिकायचं असतं.

मालदांडी
सुभेदार साहेब, काल गज घालून बघितला.

टोपी नव्हती. गज चार बोटं अलीकडे थांबला.

मी बाजेवरच बसलो. ही बंदूक माझ्या पोरांच्या खोलीत भिंतीला होती. धाकटा सहा वर्षांचा आहे. दोन दिवाळ्या त्या खोलीत फुलबाज्या पेटवल्यात.

निवृत्त_सुभेदार
घाबरू नका, पण स्वतः काही करू नका. गजाने खरवडायचं नाही, पाणी ओतून मोकळी करायचा प्रयत्न करायचा नाही, आणि "उडवूनच टाकू" हे तर अजिबात नाही. किती वर्षांचा बार आहे, वर काय ठासलंय, नळी आतून किती गंजलीय, काहीच माहीत नाही. नळी कुणी नसलेल्या बाजूला करून खोलीला कुलूप लावा. ठाण्यात कळवून परवाना सोबत घ्या, आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच बार काढून घ्या.

माळरानी
मालदांडी भाऊ, काय झालं ते नक्की लिहा. मुलं त्या खोलीत नाहीत ना?

मालदांडी
नाहीत ताई. आईकडे झोपतात.

सीनाकाठ
(अडीच महिन्यांनी)

मंडळी, परत आल्यावर हिशेब द्यायचं ठरवलं होतं. व्हारगेट बाजूला ठेवली, एच४८९५ आणि सीएफई २२३ दोन्ही पुस्तकातल्या सुरुवातीच्या भरणीपासून हळूहळू वर नेत, वेग मोजायच्या यंत्रावर तपासल्या. गोळी एकच, १६५ ग्रेनची.

सरांचं म्हणणं माझ्या नळीत तरी तंतोतंत उतरलं. सावकाश जळणारी सीएफई सव्वासोळा इंचांतही पुढेच राहिली, साधारण चाळीस फुटांनी. रेंजवरच्या जुन्या मंडळींना आकडे दाखवले. एकजण बराच वेळ वही बघत राहिला, मग म्हणाला, पुढच्या शनिवारी माझीही मोजून दे.

तरी मी एच४८९५ ठेवली. सायलेन्सर काढून संध्याकाळी दोन्ही झाडल्या तेव्हा हिचा जाळ मला स्पष्ट कमी दिसला. सकाळच्या गारव्यात आणि दुपारी उन्हात ठेवून मोजली तर वेग जवळपास हलला नाही. आणि मुलीसाठी त्याच डब्यातून हलकी भरणी झाली. तिने पन्नास यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या, डोळे न मिटता. हिशेबात मी चाळीस फूट सोडून दिले आणि दीडशे यार्डांपलीकडे झाडायचं नाही हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मालदांडी, तुमचं काय झालं?

मालदांडी
झालं भाऊ. ठाण्यातला हवालदार बरोबर आला, दुरुस्तीवाल्याने मागची बोंडी खोलून बार मागच्या बाजूने काढला. चिंधी, मग मूठभर छर्रे, मग काळी दारू, दगडासारखी घट्ट झालेली. आईला दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या बापाने वाडीवर लांडगा आला होता तेव्हा भरली होती. मी तेव्हा दहावीला होतो.

नळी आतून फार गंजलीय, झाडायची नाही असं त्याने लिहून दिलंय. परवाना जमा करायचा अर्ज काल दिला. राखणीला आता सौर कुंपणाचं बघतोय, कुणाचा अनुभव असेल तर वेगळा धागा काढतो.

माळरानी
काढा. आमच्या ओळखीच्या दोघांनी नान्नजजवळ लावलंय, त्यांना विचारून लिहिते. काळवीट उडी मारून जातात, पण डुकरं थांबतात म्हणे.